मिलमागचा ढीग

राजनंदिनी मिलमध्ये रुजू झाली त्या दिवशी सरदारचाचांनी तिला पल्परच्या कठड्यापाशी नेऊन उभं केलं आणि सांगितलं, "मॅडम, ह्या मिलच्या फाटकातनं कागद बाहेर पडतो तो रीळ होऊनच. कपटा म्हणून एक बी वाया जात न्हाय."

ते खरं होतं. उमरग्याच्या अलीकडं, हायवेपासून थोडं आत असलेली ही मिल जुन्या खोक्यांपासून खाकी कागद बनवायची. ट्रकभर खोकी यायची, ती पल्परमध्ये पडायची. पल्पर म्हणजे विहिरीएवढं लोखंडी भांडं आणि तळाशी गरगर फिरणारं पातं. पाण्यात खोक्यांचा लगदा व्हायचा, तो गाळून मशीनवर पसरला जायचा, वाफेच्या गरम रुळांवरून वाळत जायचा आणि पलीकडच्या टोकाला कागदाचं रीळ होऊन निघायचा. मधे कुठं कागद तुटला, कडेच्या पट्ट्या कापल्या, रीळ वाकडं गुंडाळलं गेलं, तर तो सगळा माल परत पल्परमध्ये जायचा. अशा घरच्याच वाया गेलेल्या कागदाला मिलमध्ये 'ब्रोक' म्हणतात. सकाळी तुटलेला कागद संध्याकाळी पुन्हा कागद होऊन निघायचा. पल्पर सांभाळणाऱ्या सरदारचाचांना ह्याचा फार अभिमान होता. केस पांढरे झाले तरी ते दर पाळीला स्वतः झाडू घेऊन मशीनखालच्या पट्ट्या गोळा करायचे.

राजनंदिनी अणदूरची. सोलापुरात रसायनशास्त्र शिकली आणि इथं प्रयोगशाळेत लागली. प्रयोगशाळा म्हणजे ऑफिसच्या मागची एक खोली, एक ओटा, काही काचेची भांडी आणि कागद फाडून बघायचं एक यंत्र. मिलचे मालक रणधीरशेठ. बापानं सुरू केलेली मिल त्यांनी वाढवली होती, माणूस कामाला चोख होता, पण घाईचा. त्यांना प्रत्येक गोष्टीचं उत्तर उभ्या उभ्या लागायचं.

द्राक्षाचा हंगाम तोंडावर आला तेव्हा त्यांनी एक नवी ऑर्डर घेतली. पेट्या बनवणाऱ्या कारखान्याला असा कागद हवा होता, जो शीतगृहातल्या ओलीनं ढेपाळणार नाही. द्राक्षं थंडीत ठेवली की पेट्यांना पाणी सुटतं, आणि साध्या कागदाची पेटी खालच्या थरात बसकन मारते. उपाय माहितीतला होता. लगद्यात रेझिन म्हणजे डिंकासारखं पक्कं होणारं एक रसायन घालायचं, मग कागद भिजला तरी सुटा होत नाही. राजनंदिनीनं प्रमाण बसवून दिलं. कागद झकास झाला. ती त्याचा तुकडा पाण्यात बुडवून ओढायची आणि तो चामड्यासारखा चिवट लागायचा. शेठ खूश होते.

पण जो कागद पाण्यात सुटा होत नाही, तो पल्परमध्ये तरी कसा सुटा होणार? पहिल्याच आठवड्यात चाचांनी नेहमीसारखा ब्रोक पल्परमध्ये ढकलला आणि तासभर पातं फिरवलं. पाण्यावर तळहाताएवढे तुकडे जसेच्या तसे तरंगत राहिले. ते गाळणीत जाऊन अडकले, गाळणी तुंबली, मशीन थांबलं.

"ह्याचा लगदा व्हत न्हाय," चाचा म्हणाले. एखाद्याच्या घरात चोरी झाल्यावर तो जसा दारात उभा राहतो तसे ते पल्परपाशी उभे होते.

शेठनी सांगितलं, "आत्ता हंगामाचा माल काढा. ब्रोक मागं टाका. नंतर बघू."

मग मिलच्या मागच्या भिंतीपाशी ढीग वाढायला लागला. फेब्रुवारी संपता संपता तो भिंतीच्या वर गेला. वारा सुटला की पट्ट्या उडून शेजारच्या रानात जायच्या, बाभळींना लोंबकळायच्या. राजनंदिनीनं शेठला दोनदा विचारलं, की ह्यावर काम करायला मला थोडा वेळ आणि एक माणूस द्या. शेठ म्हणाले, "हंगाम संपू दे." आणि मार्चच्या सुरुवातीला, ढीग फारच झाला तेव्हा, त्यांनी तो थोडा थोडा जाळायला सांगितलं.

मागच्या भिंतीपलीकडं धुरपदाबाईंचं शेत होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा हैदराबादकडं ट्रकवर असायचा. धुरपदाबाई आणि त्यांची सून दोघीच शेत बघायच्या. ज्वारी नुकतीच निघाली होती. कडबा बांधून, रचून, गोठ्याशेजारी त्याची बनीम लावून झाली होती. वर्षभराचा चारा होता तो.

त्या दुपारी ऊन तापलं होतं आणि वारा पडलेला होता. जाळायला बरी वेळ, असं म्हणून मिलच्या माणसांनी ढिगाची एक बाजू पेटवली. तेवढ्यात रानातून एक वावटळ उठली. ती भिंतीवर आदळली, ढिगात शिरली आणि पेटते कागद तिनं पतंगासारखे वर उचलले. हा कागद चिवट. साधा असता तर हवेतच राख झाला असता, हा जळत जळत लांब गेला.

"बनीम! बनीम पेटली!" भिंतीपलीकडून सुनेची किंकाळी आली.

मिलमधली सगळी माणसं धावली. चाचांनी पाण्याचा पाइप भिंतीवरून टाकला, राजनंदिनी बादल्या भरत होती. गोठा वाचला. जनावरं आधीच सोडून दिली होती म्हणून तीही वाचली. कडबा मात्र कुणाला वाचवता आला नाही. कोरडा ठणठणीत कडबा तो, वरून पाणी पडलं तरी आतून धुमसतच राहिला. धुरपदाबाई बांधावर उभ्या होत्या. रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. सगळं जळून खाली बसेपर्यंत त्या नुसत्या बघत होत्या, आणि ते बघणं राजनंदिनीला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालाचा ट्रक बाहेर काढायला म्हणून वॉचमन फाटक उघडायला गेला, तर समोर बैलजोडी. बैलांच्या शेजारी गाय, गाईजवळ कालवड. चारही दावी फाटकाच्या गजांना बांधलेली. आणि मधोमध, पदर खोचून, धुरपदाबाई बसलेल्या.

"ट्रक जायचाय, मावशी," वॉचमन म्हणाला.

"जाऊ दे की. आडवलंय कुनी? माझ्या जनावरांच्या अंगावरनं घालतो का?"

शेठ आले. गाडीतून उतरता उतरताच म्हणाले, "धुरपदाकाकू, काल जे झालं ते वाईट झालं. मी भरपाई देतो. आकडा सांगा."

"आकडा माझी गाय खाती व्हय?" धुरपदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "माझा कडबा तुमच्या मिलनं खाल्ला. आता माझी जनावरं तुमच्या मिलनं सांभाळावी. म्या न्हाय नेत घरी."

गाईनं तेवढ्यात फाटकाजवळच्या मोगऱ्याच्या कुंडीत तोंड घातलं. माणसं हसली, शेठलाही क्षणभर हसू आलं. ते खाली उकिडवे बसले. "कडबा आणून देतो. दुपारपर्यंत ट्रक पाठवतो, येरमाळ्याकडं अजून मिळतोय. तुमच्या गोठ्यात रचून देतील माझी माणसं."

"द्या. आन पुन्हा जाळनार?"

"नाही जाळणार."

"मग त्या ढिगाचं काय करनार?"

"उचलून लांब टाकतो."

"कुठं? दुसऱ्या कुनाच्या बांधाला?" धुरपदाबाईंनी मान वर केली. "शेठ, पाऊसकाळ आला म्हंजी ह्यो सगळा कागद वड्यात जातो. वडा आमच्या हिरीला लागून हाय. तुमचं तुमी निस्तरा. दुसऱ्याच्या दारात नका टाकू."

शेठ उठले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि त्यांची नजर राजनंदिनीवर थांबली. "तुला वेळ पाहिजे होता ना? घे. चाचांना बरोबर घे. पावसाच्या आत तो ढीग गेला पाहिजे. नाही जमलं तर हा कागद बंद, पुन्हा ऑर्डर घेणार नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि ही ऑर्डर नसली तर मला तिसरी पाळी चालवता येणार नाही. तेवढं लक्षात असू दे."

ते सगळ्यांनीच ऐकलं. तिसऱ्या पाळीतल्या माणसांनी जरा जास्त.

दुपारी खरोखरच कडब्याचा ट्रक आला. पेंढ्या गोठ्याशेजारी रचून झाल्या तेव्हा धुरपदाबाईंनी एकेक जनावर सोडलं. जाताना राजनंदिनीजवळ थांबून त्या म्हणाल्या, "तू करनार हाईस का हे काम?"

"बघते, मावशी."

"बघू नको. कर."

राजनंदिनीनं पहिल्यांदा जे केलं ते साधंच होतं, आणि चुकलं. तिला वाटलं, जास्त वेळ फिरवलं तर पातं त्या तुकड्यांना शेवटी फोडेलच. ढिगातला ब्रोक थोडा थोडा करून पल्परमध्ये घातला, दुप्पट वेळ फिरवला. तुकडे लहान झाले, पण लगदा झाला नाही. वरून बघताना ते कळत नव्हतं. लगदा पुढं गेला, मशीनवर पसरला, आणि प्रत्येक बारीक गुठळीपाशी कागदाला भोक पडायला लागलं. भोक पडलं की कागद तुटायचा. सबंध पाळीभर "तुटला! तुटला!" एवढंच ऐकू येत होतं. माणसं घामाघूम होऊन गरम कागद ओढून काढत होती. पाळी संपली तेव्हा मागचा ढीग होता त्यापेक्षा मोठा झाला होता.

चाचा संतापले. "मॅडम, म्या पयल्या दिवशीच सांगितलं होतं, ह्याचा लगदा व्हत न्हाय. माझ्या पल्परचं पातं बोथट झालं, दुसरं काय झालं?"

प्रयोगशाळेत जाऊन तिनं दार लावून घेतलं. तिला रडू येत होतं आणि रडत बसायची लाजही वाटत होती. मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं ओट्यावर भांडी मांडली. आजच तुटलेला कागद, गेल्या आठवड्यातला, आणि ढिगाच्या तळातून उपसून आणलेला पहिला, असे तीन तुकडे तिनं कोमट पाण्यात टाकले आणि काचेच्या कांडीनं ढवळायला लागली. तळातला तुकडा हलला नाही. आठवड्याचा कडेनं थोडा विस्कटला. आणि आजचा, मशीनवरून उतरून तास-दोन तासच झालेला, ढवळता ढवळता सुटा झाला. तिनं भांडं उजेडात धरलं. पाण्यात तंतू तरंगत होते. गुठळी नव्हती.

तिनं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

मग तिला आपल्याच पुस्तकातलं आठवलं, जे परीक्षेपुरतं वाचलं होतं. हे रेझिन मशीनवर पूर्ण पक्कं होत नाही. कागद वाळला, गुंडाळला, तरी ते आतल्या आत पक्कं होत राहतं, कित्येक दिवस. पेटीसाठी ते चांगलंच. पण ब्रोक बाहेर टाकून ठेवायचा म्हणजे आपणच त्याला घट्ट व्हायला वेळ द्यायचा.

तिनं चाचांना बोलावलं. ते आले ते रागातच होते. तिनं तिन्ही भांडी त्यांच्यापुढं ठेवली आणि कांडी त्यांच्या हातात दिली. चाचांनी एकेक ढवळून पाहिलं. तिसऱ्या भांड्यापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी दोन बोटं आत घालून लगदा चोळला.

"हे कुठलं?"

"तेच, चाचा. आजचंच. तुम्ही ज्याच्यावर ओरडत होता, त्यातलंच."

"मग?"

"ताजं आहे तोवर विरघळतं. शिळं झालं की नाही."

चाचा स्टुलावर बसले. "म्हंजी गिलाव्यागत. वला हाय तोवर थापीनं खरवडता येतो. वाळला का छन्नी लागती."

"अगदी तसंच."

"मग आपन छन्नीची वाट बघत बसलो व्हय इतके दिस?" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

अडचण निराळीच होती. कागद तुटतो तेव्हा मशीनवरच्या माणसांना आधी नवा कागद पुढं ओढून लावायचा असतो. तुटलेल्याकडं बघायला कुणाला सवड नसते. तो बाजूला साचत राहतो आणि पाळीच्या शेवटी उचलला जातो. आणि पल्पर मिलच्या दुसऱ्या टोकाला. गरम गरम ब्रोक तिथवर न्यायचा कुणी?

चाचा दोन दिवस मशीनभोवती फिरत राहिले. वाकून खाली बघायचे, पावलांनी जमीन मापायचे. तिसऱ्या दिवशी ते राजनंदिनीला भंगाराच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथं, गवतात, एक जुना लहान पल्पर पडलेला होता. मोठ्या शेठच्या, म्हणजे रणधीरशेठच्या वडिलांच्या काळातला, मिल लहान होती तेव्हाचा. "हा मशीनच्या खालीच बसवायचा," चाचा म्हणाले. "जमिनीत खड्डा घेऊन. वर फरशी कापून तोंड ठिवायचं. कागद तुटला का सरळ खाली. उचलायचं न्हाय, न्यायचं न्हाय."

"आणि पाणी?"

"मशीनमधनंच गळतं की. कोमटच असतं. तेच सोडायचं त्यात."

शेठनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "भर हंगामात मशीन बंद ठेवून खड्डा खणू?"

"पाडव्याला मिल बंदच आसती," चाचा म्हणाले. "त्याला लागून ईद हाय. तेवढ्यात करतो."

"चाचा, तुमचे रोजे चाललेत."

"रोजा पोटाला आसतो शेठ, हाताला न्हाय."

पाडव्याच्या दिवशी गावात गुढ्या उभ्या होत्या आणि मिलमध्ये फरशी फुटत होती. राजनंदिनी अणदूरला गेली नाही. आईला फोनवर सांगितलं, तर आई म्हणाली, "सणासुदीचं काय गं असं काम?" आणि मग स्वतःच, "बरं, जेव मात्र." चाचांनी तिसऱ्या पाळीतली दोन धट्टीकट्टी माणसं हाताशी घेतली होती. खड्डा झाला, पल्पर साखळीनं खाली सोडला, वेल्डिंगच्या ठिणग्या उडायला लागल्या. उन्हं चढली तसे चाचांचे ओठ सुकले. ते बोलायचे थांबले, पण हात थांबले नाहीत.

दुपारी मागच्या भिंतीवरून हाक आली. "कोन हाय का रे? सनाच्या दिवशी काय ठोकाठोकी लावलीया?"

धुरपदाबाई स्वतःच फाटकानं वळसा घालून आल्या. हातात फडक्यात बांधलेला डबा होता. पुन्हा जाळतात की काय ते बघायलाच त्या आल्या होत्या, हे त्यांनी लपवलं नाही. खड्ड्यात वाकून त्यांनी पाहिलं. राजनंदिनीनं सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मधे एकच विचारलं, "म्हंजी ह्यातनं भाईर काय पडनार न्हाय?"

"नवीन काही पडणार नाही."

"बरं." त्यांनी डबा उघडला. पुरणाच्या पोळ्या होत्या. सगळ्यांच्या हातावर एकेक ठेवत त्या चाचांपाशी आल्या, आणि चाचांनी हात जोडले.

"रोजा हाय, बाई."

"मंग?" त्या थोड्या गोंधळल्या. मग डब्याचं झाकण लावून त्यांनी तो आख्खाच चाचांच्या पिशवीजवळ ठेवला. "दिस मावळल्यावर खावा. तूप लावलंय, वाळनार न्हाय. डबा परत पाठवा मातर."

संध्याकाळी मिलच्या अंगणात चाचांनी खजूर तोंडात टाकून रोजा सोडला आणि मग पोळी खाल्ली. राजनंदिनी शेजारी बसून पाणी देत होती. चाचा म्हणाले, "बेटी, म्या तुझ्यावर लई आवाज केला त्या दिवशी."

"मीही घाई केली होती, चाचा."

"व्हय, केली होतीस," ते म्हणाले आणि दुसरी पोळी घेतली.

ईद झाली. मशीन सुरू झालं. गंमत अशी की त्या दिवशी कागद तुटेचना. शेठ येऊन उभे, राजनंदिनी उभी, तिन्ही पाळ्यांची माणसं काहीतरी निमित्त काढून उभी, आणि कागद नदीसारखा वाहत राहिलेला. "नको तवा तुटतो," कुणीतरी कुजबुजलं. शेठ घड्याळ बघून निघाले तेवढ्यात फट्ट आवाज झाला आणि कागद दुभंगला. तुटलेलं टोक लाटेसारखं घसरत फरशीतल्या तोंडातून खाली गेलं. खाली पातं फिरत होतं. सगळे वाकले.

थोडा वेळ नुसता खळखळाट. कागद गोल फिरत होता, दुमडत होता, वर येत होता. मग वर येणारे तुकडे लहान झाले. मग दिसेनासे झाले. चाचा गुडघ्यावर बसले, बाही सारून त्यांनी डबडं बुडवलं आणि वर काढलं. तळहातावर ओतून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"लगदा हाय," ते म्हणाले. "साफ लगदा हाय."

शेठनी स्वतः बोट लावून पाहिलं. जाताना ते चाचांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. तिसऱ्या पाळीच्या माणसांनी चहा मागवला.

आता मागचा ढीग. तो पक्का झालेला होता, त्याला छन्नीच लागणार होती. राजनंदिनीला छन्नी कुठली ते कागदावर माहीत होतं. खूप गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा. पण सोडा म्हणजे खेळ नव्हे, अंगावर उडाला तर चामडी जाते. तिनं एक जुनी टाकी घेतली, बॉयलरची वाफ तिच्यात सोडली, आणि टाकीपाशी हातमोजे, चष्मा, लांब बूट असल्याशिवाय कुणाला फिरकू दिलं नाही. चाचांनी चष्मा लावायला कुरकूर केली तेव्हा ती त्यांच्यावरच ओरडली, आणि ते मुकाट्यानं लावून आले.

पहिला घाणा शिजताना असा वास सुटला, की भिंतीवरून लगेच हाक आली, "आता काय शिजवताय रं? मेलेलं जनावर टाकलंय का काय?"

"कागदच शिजतोय, मावशी!"

"आमच्या नाकात शिजतोय त्यो!"

राजनंदिनीनं टाकीवर झाकण बसवून घेतलं आणि वाफ कमी केली. दुसऱ्या दिवशी वास बराच बसला. पहिल्या घाण्याचा अर्धा भाग तसाच चिवट राहिला. तिनं सोडा वाढवला नाही, फक्त आधी पट्ट्या बारीक तोडून घेतल्या आणि जास्त वेळ भिजू दिल्या. मग जमलं. शिजलेला लगदा काळपट होता. नुसत्या त्याचा कागद झाला नसता, पण धुऊन, खोक्यांच्या लगद्यात थोडा थोडा मिसळला की साध्या खाकी कागदात तो कुठं आहे हे कळतसुद्धा नव्हतं.

एप्रिलभर आणि मेचे बरेच दिवस टाकी शिजत राहिली. मधेच एकदा मिसळण्याचं प्रमाण जास्त झालं आणि कागद ठिसूळ निघाला, तो सगळा माघारी फिरवावा लागला. शेठ तडकले, राजनंदिनीनं प्रमाण खाली आणलं. ढीग आधी भिंतीइतका झाला, मग कमरेइतका, मग गुडघ्याइतका. एक दिवस सुनेनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "ताई, ते बाभळीवरलं बी काढता का?" तर तिसऱ्या पाळीची माणसं काठ्या घेऊन गेली आणि बाभळींवरच्या, बांधावरच्या, ओढ्याच्या कडेच्या पट्ट्या पोत्यात भरून घेऊन आली. त्याही टाकीत गेल्या.

ढीग संपला तेव्हा खाली जमीन दिसली. गवत नव्हतं, पांढरी पडलेली माती होती. धुरपदाबाई येऊन ती बघून गेल्या. "शेनखत टाका हितं," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी सुनेबरोबर त्यांनी दोन पाट्या पाठवल्याही.

जूनच्या सुरुवातीला शेठनी राजनंदिनीला केबिनमध्ये बोलावलं. चाचाही होते. टेबलावर मिठाईच्या डब्यांचा नमुना होता, गडद गुलाबी रंगाचा. लातूरच्या एका व्यापाऱ्याला असा रंगीत कागद हवा होता, दिवाळीसाठी, भरपूर.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," शेठ म्हणाले. "आधी हे सांगा, ह्याच्या ब्रोकचं काय करायचं?"

चाचांनी राजनंदिनीकडं पाहिलं. तिनं डब्याचा एक कोपरा फाडून घेतला.

"दोन दिवस द्या," ती म्हणाली.

"घे," शेठ म्हणाले.

प्रयोगशाळेत तिनं तो कोपरा कोमट पाण्यात टाकला. कागद लगेच विरघळला. पण पाणी गुलाबी झालं, इतकं गुलाबी की कांडीवर रंग चढला. चाचांनी वाकून भांड्यात पाहिलं. मग बाहेर, खाकी लगद्यानं भरलेल्या आपल्या पल्परकडं पाहिलं.

"हे जर त्यात गेलं," ते हळूच म्हणाले, "तर द्राक्षाच्या पेट्या नवरीगत दिसतील."

राजनंदिनी हसली आणि तिनं दुसरं भांडं पुढं ओढलं. "बसा, चाचा. आधी रंग कशानं सुटतो ते बघू."

चाचांनी स्टूल ओढून घेतलं आणि न सांगता चष्मा लावला.